डाव्या हाताचं काय करायचं? ऑर्गन-शिकवणीच्या प्रकल्प नोंदी

४ जून, फोंडा (गोवा)

नवं सत्र आजपासून. यंदा वेगळी वही केली, कारण जानेवारीपर्यंत एक काम पुरं करायचं आहे. बोरीचे भाई त्यांच्या गावच्या उत्सवातल्या संगीत नाटकाला ऑर्गन वाजवतात. नांदीच्या आधी, प्रेक्षक खुर्च्या सरकवत बसत असताना, मंडळ कुठलीतरी रेकॉर्ड लावतं. भाईंना त्याचा कंटाळा आलाय. "बाई, तीन मिनिटांचं आपलं काहीतरी पाहिजे. आपण वाजवलेलं." नुसतं वाजवलेलं नको, लिहिलेलं हवं, अशी अट मी घातली. म्हणजे पुढच्या वर्षी भाईंना ताप आला तरी दुसरा कोणी ते वाजवू शकेल. रचना त्यांची, कागद त्यांचा. मी फक्त शिकवणार.

सासष्टीची मुलगीही परत आली आहे. चर्चच्या कोयरला ऑर्गन वाजवते, वाचन पक्कं, आता पेडल म्हणजे पायांनी वाजवायच्या पट्ट्या आणि चार आवाजांचं लेखन शिकायचं आहे. शिवाय कुर्टीचा नऊ वर्षांचा मुलगा. त्याच्या आईला संगीत-परीक्षेची ग्रेड हवी, त्याला पायांनी ऑर्गनचा भाता मारायला हवा.

भाईंना पहिल्या दिवशी काहीच शिकवलं नाही. वाजवा म्हटलं. उजवा हात देखणा चालतो. डावा हात उजव्याचीच नक्कल एक सप्तक खाली करतो, आणि मधेच थांबून मांडीवर जाऊन बसतो. शेवटी त्यांनीच विचारलं, "ह्या दाव्या हाताचें कितें करूं?"

सहा महिन्यांचा अभ्यासक्रम त्या एका प्रश्नात आला. मी आखला होता तो रद्द.

११ जून

आज वाद्य उघडलं. मागची फळी काढून भाईंना आत बघायला लावलं. हातपेटी ते स्वतः खोलतात, जोडतात, पण ऑर्गनचं पोट त्यांनी पाहिलं नव्हतं. हातपेटीत भाता हवा दाबतो आणि ती सुरांमधून, म्हणजे आतल्या धातूच्या पत्त्यांमधून, बाहेर पडते. हा अमेरिकन धाटणीचा ऑर्गन उलटा चालतो: पाय मारले की भात्यातली हवा बाहेर जाते, आत पोकळी होते, आणि बाहेरची हवा सुरांमधून आत ओढली जाते. नाट्यसंगीतातला आपला ऑर्गन तो हाच. हार्मोनियमचं मूळ १८४०च्या दशकातल्या पॅरिसमधलं, अलेक्झांद्र देबँचं. ओढून वाजणारी वाद्यं पुढे एस्टी, मेसन अँड हॅम्लिन अशा अमेरिकन कारखान्यांनी ढिगाने काढली. तिकडे ती घराघरांत आणि छोट्या चर्चमध्ये गेली, इकडे नाटक कंपन्यांच्या पिटात. त्याच शतकात कोलकात्यात द्वारकानाथ घोषांनी हाताच्या भात्याची पेटी घडवली. ती मांडीपुढे घेऊन बसता येत होती, म्हणून ती सगळीकडे पोचली.

पण त्या पेटीने एक हात कायमचा भात्याला बांधून टाकला. भाईंनी तीस-पस्तीस वर्षं डाव्या हाताने हवा दिली आहे. ऑर्गनवर ते काम पायांकडे गेलं आणि हात मोकळा सुटला. मोकळ्या हाताला काम सांगणारा कोणी भेटला नाही, एवढंच.

पायांचं मात्र आधी बघावं लागेल. भाई दादऱ्याच्या लयीत पाय मारतात, त्यामुळे दर समेवर आवाज फुगतो. हातपेटीवर भात्याचा तो झटका शोभतो. इथे नको. व्यायाम दिला: एकच सा धरायचा, तोंडाने तीनताल म्हणायचा, आणि पाय तालाशी अजिबात जुळू द्यायचे नाहीत. पहिल्या आवर्तनातच हसू फुटलं त्यांना. आवाज कमी-जास्त करायला उजव्या गुडघ्याची फळी आहे, पाय नव्हेत.

१९ जून

आता पाऊस धरला. दोन पट्ट्या दाबल्यावर वर येईनात. लाकूड फुगलं आहे. आत चाळीसचा बल्ब लावून ठेवला, आमच्या घरात कपड्यांच्या कपाटाला लावतात तसाच. चारनंतर वीज गेली ती गेलीच. मेणबत्तीत कुर्टीच्या मुलाचा तास झाला, कारण या वाद्याला वीज लागत नाही. तो खूश. त्याला वाटलं, मेणबत्ती शिकवणीचाच भाग आहे.

त्याच्या आईने जाताना विचारलं, थिअरी कधी सुरू करणार. सांगितलं, सुरू झाली आहे.

२६ जून

डाव्या हाताचा पहिला खरा धडा. आधी ऑक्टेव्ह कप्लरचा खटका ओढून दाखवला. एक पट्टी दाबली की तिच्या वरच्या सप्तकातली आपोआप वाजते. म्हणजे भाईंचा डावा हात जी नक्कल करत होता ती वाद्य फुकटात करून देतं. तेवढ्यासाठी हात झिजवायचं कारण नाही.

मग भूप घेतला, त्यांच्या नांदी गाणाऱ्या नटाच्या पट्टीत, काळी एकमध्ये, म्हणजे पहिली काळी पट्टी हा सा. डावा हात फक्त खालच्या षड्जावर ठेवायचा, हलवायचा नाही. उजव्याने हवं ते वाजवायचं. पाच मिनिटं ते वाजवत राहिले. डावा हात मधेच पळायला बघायचा, मी मनगटाला बोट लावायची.

त्यानंतर एकच बदल. उजव्या हाताने ग आणि वरचा सा धरून ठेवायचे. डाव्याने खाली सा, मग खालचा धैवत. वरचे दोन सूर जागेवरच आहेत, तरी सगळा रंग पालटला. भाई थांबले. पुन्हा सा. पुन्हा ध. "हे मी कधी केलंच नाही," म्हणाले, आणि मग पंधरा मिनिटं तेच करत बसले. तास संपला होता, मी सांगितलं नाही.

३ जुलै

आज कागदावर. भूपाचे पाच सूर: सा रे ग प ध. सात सुरांच्या क्रमात एक सोडून एक घेत तीन सुरांचे कॉर्ड त्यांतून किती बनतात ते शोधायला लावलं. दोनच. सा-ग-प हा मेजर आणि ध-सा-ग हा मायनर. रेवरून बांधायला मध्यम लागतो, पंचमावरून बांधायला निषाद लागतो, आणि भूपात दोन्ही वर्ज्य.

पाश्चात्त्य पद्धतीत वाक्य संपवायची सगळ्यात ठाम रीत म्हणजे पंचमाच्या कॉर्डवरून षड्जाच्या कॉर्डवर उतरणं. भूपात ती वाटच बंद. यमनात अर्धी उघडी आहे: प-नी-रे मिळतो, पण त्याला जो चौथा सूर जोडतात तो शुद्ध मध्यम, आणि यमनात मध्यम तीव्र. भैरवीत तर प-नी-रे बांधला की नी-रे दोन्ही कोमल, कॉर्ड आक्रसतो. तिथे कोमल रिषभाच्या कॉर्डवरून, म्हणजे रे-म-धवरून, षड्जावर उतरावं लागतं. ऐकायला ते भैरवीसारखंच लागतं, कारण भैरवीत कोमल रे तसाही षड्जाकडेच ओढ घेतो.

भाईंनी वहीत भूपाखाली दोन कॉर्ड लिहिले, चौकट केली. "दोनच? स्वस्तात सुटलो."

स्वस्त नाही. दोनच कॉर्डमध्ये तीन मिनिटं काढायची आहेत.

१० जुलै, सासष्टी

मुलीचा तास तिच्या चर्चमध्ये, कारण पेडल तिथे आहेत. इलेक्ट्रॉनिक ऑर्गन, पण पायांची पूर्ण पट्टी आहे. तिच्या डाव्या हाताचा प्रश्न भाईंच्या नेमका उलटा. तिचा डावा हात जन्मभर बास, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज, वाजवत आला. आता बास पायांकडे द्यायचा आणि डाव्याने त्याच्या वरचा आवाज, टेनर, वाजवायचा, तर हात पायांमागे खाली धावतो. पाय डावीकडे गेला की हातही डावीकडे.

बाखच्या एका कोरालचा, म्हणजे चार आवाजांतल्या चर्चगीताचा, पेडल आणि डावा हात एवढंच घेतलं. उजवा हात बाकावर. टाच आणि चवडा, चवडा आणि टाच, खाली बघायचं नाही. लय इतकी संथ की बाहेर पायऱ्यांवर बसलेल्या आजीने आत डोकावून विचारलं, मशीन बिघडलं का.

ऑर्गनला पियानोसारखं पेडल दाबून सूर लांबवता येत नाही. बोट उचललं की सूर मेला. म्हणून सूर जोडून वाजवायचे तर पट्टी दाबलेली असतानाच तिच्यावरचं बोट बदलायचं. चौथं बोट पट्टीवर आहे, त्याच्या शेजारून करंगळी सरकवायची, मग चौथं मोकळं. मुलगी हे इतक्या सफाईने करते की सूर हलत नाही. भाईंना हे दाखवायला हवं. त्यांचे सूर तुटतात, आणि ते मींडेची उणीव म्हणून ऑर्गनवर राग काढतात. मींड ऑर्गनवर नाहीच. जोड मात्र आहे.

५ ऑगस्ट

मुलगी नाही. आज राय गावात कणसाचं फेस्त, नव्या भाताचा सण, सगळं घर तिकडे. बरं झालं, तिच्या वह्या तपासून झाल्या.

तिला सध्या फुक्सच्या पद्धतीने काउंटरपॉइंट, म्हणजे एका चालीवर दुसरी स्वतंत्र चाल रचणं, देते आहे. योहान योसेफ फुक्सचं 'ग्रादुस आद पार्नासुम' १७२५ साली व्हिएन्नात निघालं, आणि हायडनने तरुणपणी ते एकट्याने घोटून काढलं. पुस्तक सगळं गुरू-शिष्य संवादात आहे. शिष्य चुकतो, गुरू खोडतो, शिष्य वाद घालतो, गुरू थोडं चिडतो. आपल्याकडच्या कोणालाही ते वाचताना परकं वाटू नये. पद्धत साधी: एक दिलेली चाल, तिच्यावर दुसरा आवाज, आधी एका सुराला एक सूर, मग एकाला दोन, मग चार, असं चढत जायचं.

दोन आवाज समांतर तीन सुरांच्या अंतराने चालले तर चालतात, पाच सुरांच्या अंतराने नाही. मुलीला पहिला भाग समजावावा लागला नाही. मांडो हे गोव्यातलं गीत म्हणताना घरात दुसरा आवाज असाच धरतात, तिसऱ्या किंवा सहाव्या सुरावर, आणि ती लहानपणापासून तो आवाज म्हणते. तिला फक्त नियम कळला. पाचवं अंतर का नको हे मात्र विचारलं. सा आणि प यांच्या कंपनांचं प्रमाण दोनास तीन. ते इतके एकजीव होतात की दोन माणसं बोलताहेत असं वाटतच नाही, एकच जाड आवाज ऐकू येतो. आणि काउंटरपॉइंटमध्ये तर दोन माणसं हवीत.

गोव्यात हे शिक्षण नवं नाही. पोर्तुगीज काळात चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांत मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, सोल्फेज (सुरांची नावं घेत वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवत, आणि तिथून निघालेली माणसं पुढे मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदात बसली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. १९५८ साली त्यांनी मुंबईत भारतीय रागांवरच्या रचना पुऱ्या सिंफनी वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. भाईंना हे नाव सांगितलं तर ते सिनेमातलं गाणं गुणगुणायला लागले. खरा माणूस होता म्हटल्यावर गप्प.

२० ऑगस्ट

चवथीची सुट्टी लागली. भाई आरत्या-भजनांत, घुमट (मातीचं तालवाद्य) आणि हातपेटी. डाव्या हाताला पुन्हा भाता. जे शिकलं ते आता कितपत टिकतं ते नंतर बघू.

१२ सप्टेंबर

टिकलं आहे. उलट बरं झालंय. भजनात वाजवताना डावा हात रिकामा नसल्याचं त्यांना पहिल्यांदाच जाणवलं म्हणे, चुकचुकल्यासारखं झालं.

आजपासून भाई आणि मुलगी यांचा एक तास एकत्र ठेवते आहे. भाई ऐकतील ते वाजवतात, पण वाचता येत नाही. मुलगी कागदाशिवाय हात उचलत नाही. म्हणून श्रुतलेखन: भाई दोन ओळी वाजवणार, ती लिहिणार, मग ती कागद बघून वाजवणार आणि भाई चूक काढणार.

पहिलाच वाद पट्टीवरून. काळी एक म्हणजे तिच्या हिशेबाने सी-शार्प किंवा डी-फ्लॅट. सी-शार्प मेजर लिहायचं तर सुरुवातीला सात शार्प, डी-फ्लॅट लिहायचं तर पाच फ्लॅट. सूर तेच, पट्ट्या त्याच. तिने पाच फ्लॅट घेतले, शहाणपणाचं झालं. भाईंना काही फरक पडत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर काळी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी चार, काळी पाच एवढंच आहे.

दुसरा वाद बारच्या, म्हणजे मात्रांचे गट पाडणाऱ्या, रेघांवरून. भाईंनी आलाप वाजवला, मुलगी मात्रा मोजत बसली. "बार कुठे पडतो?" पडत नाही. तिने जबरदस्तीने चार-चारचे तुकडे पाडून दाखवले. ते वाजवलं तर आलापाची कवायत झाली. मग तिला फ्रेंच रचनाकार लुई कुप्रँच्या हार्पसिकॉर्डवरच्या (पियानोच्या आधीच्या वाद्यावरच्या) प्रील्यूड दाखवल्या, सतराव्या शतकातल्या. त्याने बारच्या रेघाच मारल्या नाहीत. सगळे सूर गोल, पोकळ, लांब वक्र रेषांनी बांधलेले, लांबी वाजवणाऱ्यावर सोपवलेली. तिच्याच परंपरेत साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी आलाप लिहायची सोय झाली होती. तिने रेघा खोडल्या.

२५ सप्टेंबर

कुर्टीच्या मुलाला काळी तीनपासून फक्त काळ्या पट्ट्या वाजवायला दिल्या. पाचच पट्ट्या, आणि त्या भूपाच्या. कुठेही बोट पडलं तरी चूक होत नाही. त्याने एक चाल केली, तिला नाव दिलं 'म्हशीची गाडी'. मी ती पाच ओळींवर उतरवून त्याला दिली.

आई म्हणाल्या, हे पेपरात येतं का. नाही येत. ग्रेडला माझा विरोध नाही. एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळाची सहावी प्रात्यक्षिक द्यायची तर पाचवी थिअरी किंवा तिच्या तोडीची परीक्षा आधी लागते, आणि ती अट मला योग्य वाटते. पण पहिल्या वर्षी परीक्षेचे तीन तुकडे घोटून वर्ष संपवणं म्हणजे मुलाला तीन तुकडे येतात, संगीत येत नाही. आईंना सांगितलं, पुढच्या वर्षी बसवू. त्यांना पटलेलं नाही. फी दिली, तोंड पाडून गेल्या.

९ ऑक्टोबर

आजची नोंद लांब, कारण या सत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट आज झाली.

नांदी गाणारे नट आले होते. भाईंच्या वादनातून ते सरळ नांदीत शिरणार, तो जोड बघायचा होता. त्यांनी गंधारावर मुक्काम केला, लांब, सुंदर. भाईंचा डावा हात सा-ग-प धरून बसला होता, कॉर्ड नुकताच शिकलेला, म्हणून कौतुकाने. आणि गंधार लागेना. दोघांनाही कळत होतं काहीतरी थरथरतंय.

नट गंधार गातात तो तंबोऱ्यातून ऐकू येणारा, षड्जाशी पाचास चार या प्रमाणात. सेंटमध्ये, म्हणजे सप्तकाच्या बाराशे भागांत मोजलं तर, तो ३८६ पडतो. ऑर्गनचा गंधार सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेला, ४०० सेंट. चौदा सेंटने चढा. पंचमात फरक फक्त दोन सेंटचा, तो कानाला बोचत नाही. आकाशवाणीने १९४० साली पेटी बंद केली आणि ती बंदी काही दशकं टिकली, त्यामागच्या तक्रारींत ही एक होतीच. भरधाव तानेत चौदा सेंट कोणाला ऐकू येणार? पण गायक गंधारावर उभा राहिला आणि तुम्हीही त्याच गंधारावर बोट ठेवून राहिलात, तर दोन गंधार एकमेकांवर घासतात.

भाईंनी लगेच उपाय काढला. "सूर काढून बुडाशी घासू. उतरतो." बरोबर आहे. सुराच्या पत्तीचं टोक घासलं की चढतो, बुडाकडे घासलं की उतरतो. पेटीवाल्याचा हात आहे त्यांचा. पण काळी एकचा गंधार म्हणजे पांढरी चार. तीच पट्टी काळी तीनच्या गायकाचा निषाद, आणि पांढरी चारच्या गायकाचा चक्क षड्ज. एका नांदीसाठी उतरवली तर मंडळाचा ऑर्गन बाकी नाटकाला बेसूर. कानस पिशवीत गेली.

मग मी म्हटलं, गंधार सोडा. डाव्या हाताने नुसते सा आणि प. ग गायकाचा. त्यांनी मधलं बोट उचललं, नट पुन्हा गंधारावर आले, आणि थरथर गेली. नट गाता गाता हसले.

गंमत अशी, मुलीच्या चार आवाजांच्या वहीतही हेच लाल शाईत आहे: मेजर कॉर्डचा तिसरा सूर दोन आवाजांना देऊ नका. तिथलं कारण वेगळं, तोल बिघडतो, तो सूर फार उठून येतो. पण हात करतो ते तेच.

भाईंच्या वहीत आता नियम असा: गायक गंधारावर असेल तेव्हा डाव्यात ग नाही. नुसतं वादन असेल तेव्हा चालेल, पण धरून ठेवायचा नाही. ध-सा-ग हा कॉर्ड फक्त वादनात.

बोरी म्हटलं की तुळशीदास बोरकरांचं नाव निघतंच. पेटीवादक पी. मधुकरांचे शिष्य, पेटी आणि ऑर्गन दोन्हींवर हुकमत, २०१६ साली पद्मश्री. भाई म्हणाले, साथीत ते किती कमी वाजवायचे हे आता ऐकू येतंय.

३० ऑक्टोबर

दिवाळीनंतरचा पहिला तास. रचनेचा आराखडा ठरला. आधी रेघांशिवाय आलाप, डाव्यात सा-प. मग मध्यलय तीनतालात भाईंची चाल, तिथे दोन्ही कॉर्ड. मग लय तशीच ठेवून डावा हात चालू लागतो: सा, ध, प, रे, पुन्हा सा. कॉर्ड नाहीत, एकेक सूर. मला हा भाग सगळ्यात आवडतो.

रचनेत एका ठिकाणी सा-प वरून रे-ध वर दोन्ही बोटं तशीच सरकतात. मुलीने त्या समांतर पाच सुरांच्या अंतरावर लगेच बोट ठेवलं, "टीचर, पॅरलल फिफ्थ्स." आहेत. कोरालच्या वहीत मी त्या खोडल्या असत्या. इथे ठेवल्या. भाईंना तिथे दोन माणसं बोलायला नकोच आहेत, एकच जाड आवाज हवा आहे, आणि तो मुद्दाम हवा आहे. मुलीला हे फारसं रुचलं नाही. चालेल.

२७ नोव्हेंबर

वाद शेवटावरून. भाईंना समेवर षड्जाला येऊन संपवायचं आहे. मी म्हणते, संपवू नका. संपलं की लोक टाळ्या वाजवतात, टाळ्यांत नांदीचा पहिला सूर जातो. पाश्चात्त्य रचनेत वाक्य अर्धवट सोडायचं असेल तर पंचमाच्या कॉर्डवर थांबतात. भूपात तो कॉर्ड पुरा मिळत नाही, निषाद नाही. पण प आणि वरचा रे मिळतात, मधली जागा मोकळी. त्यावर थांबा, नांदीचा षड्ज नटांना लावू दे.

"बाई, लोकांना वाटेल वाजवणारा विसरला."

दोन्ही शेवट लिहून ठेवले. तालमीत ठरेल.

१८ डिसेंबर

मुलगी नाताळच्या गडबडीत. तिने कोयरसाठी एका जुन्या कोंकणी भक्तिगीताला चार आवाज बसवले, तालीम ऐकून आले. आल्टोला, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाला, तिने एकाच सुरावर फार वेळ उभं केलंय, बिचाऱ्या कंटाळल्या होत्या. पण टेनर छान चालतो. पेडलवर आता ती खाली बघत नाही, आणि डावा हात पायांमागे पळत नाही.

भाईंच्या तालमीत दुसरा शेवट ठरला. मी काही बोलले नाही. नटांनीच सांगितलं, असं थांबलं की षड्ज आयता मिळतो.

९ जानेवारी

काल रात्री प्रयोग. मंडपात पहिल्या रांगेत गावचे वडीलधारे, मागे मुलं, आणि चण्यांचा वास. भाईंनी पांढरं धोतर, काळा कोट. आलाप सुरू झाला तेव्हा गलका होता. मध्यलयीत येईपर्यंत बराच कमी झाला. डावा हात चालायला लागला तिथे माझ्या शेजारचे गृहस्थ बायकोला म्हणाले, "हें नवें मूं?"

मग प आणि रे. भाई थांबले. आणि पडदा वर जाईना. दोरी अडकली होती. विंगेतून कोणीतरी हातवारे करतंय, भाई प-रे धरून पाय मारताहेत. मला घाम फुटला. त्यांनी न बिचकता डाव्या हाताचं ते चालणं पुन्हा सुरू केलं, सा, ध, प, रे, उजव्यात थोडं वेगळं काही, पुन्हा प-रेवर आले. पडदा अजून तिथेच. आणखी एक फेरा. तिसऱ्या वेळी पडदा हलला, तो वर जाईपर्यंत त्यांनी उजव्या गुडघ्याने आवाज हळूहळू उतरवला, आणि नटांनी षड्ज लावला. गंधारावर मुक्काम आला तेव्हा मी भाईंच्या डाव्या हाताकडे बघत होते. दोनच बोटं खाली.

१४ जानेवारी

मुलगी आणि भाई, एकत्र तास. स्वच्छ प्रत तयार करायची आहे. शेवटच्या ओळीला पुनरावृत्तीची चिन्हं घातली आणि वर लिहिलं: पडदा वर जाईपर्यंत. भाईंनी दुसऱ्या फेऱ्यात उजव्या हाताने वाजवलेलं त्यांना आठवत होतं, तेही लहान सुरांत जोडलं, हवं तर वाजवा म्हणून. तीन प्रती: एक मंडळाच्या पेटीत, एक भाईंकडे, एक इथे.

पुढच्या सत्रात भरतवाक्याआधीचं वादन, भैरवीत. कोमल रिषभाचा कॉर्ड भाईंनी वहीत आधीच लिहून आणला होता. कुर्टीच्या मुलाच्या आईचा फोन आला. परीक्षेचं त्या पुढच्या वर्षी बघणार आहेत, सध्या त्याला 'म्हशीची गाडी'ला डावा हात लावायचा आहे म्हणे. मंगळवारी साडेचारची वेळ दिली.